दांदेश सुभ्याची जमा : एका बेरजेचा विचार

अकबरानें इ. स. १६०१ च्या जानेवारींत असीरगड घेतला व फारुकी घराण्याचें राज्य संपुष्टांत आलें. शाहजादा दानियाल याच्या नांवावरून खानदेशास ‘दांदेश’ ही संज्ञा मिळाली आणि मोंगली सुभ्यांत त्याची गणना झाली. ह्या सुभ्याची जमा म्हणून ‘ऐने अकबरी’तील ४५,५२,९४,२३२ दाम हा आंकडा पुढें करण्यांत येतो. चाळीस दामांचा रुपया धरल्यास त्याचे सुमारें १ कोटी १३ लक्ष ८२ हजार रुपये होतात. परंतु हा आंकडा निघाला कसा, हें पाहिल्यावांचून तो स्वीकारणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

मूळ जमा दामांत नाहीं. बत्तीस परगण्यांची मिळून ती १,२६,४७,०६२ वऱ्हाडी टंके अशी दिली आहे. (टंक शब्द संस्कृतांत नाणें व वजन ह्या दोन्ही अर्थीं आहे. मराठी दफ्तरांतील ‘तनखा’ म्हणजे ठरीव आकार.) पुढें ग्रंथांत म्हटलें आहे कीं, असीर जिंकल्यावर ही जमा दिढीनें वाढविली, टंका चोवीस दामांचा धरतात, सबब एकूण दाम वरीलप्रमाणें झाले. हें वाक्य असीर पडल्यानंतरचें, हें उघडच आहे. आणि अबुल फजलचा वध १६०२ त झाला, तेव्हां तें त्याचेंच असेल तर ह्या थोड्या अवधींत मागाहून घातलेलें असलें पाहिजे. आतां गणित करून पाहावें. मूळ टंक्यांस छत्तिसांनीं गुणिलें असतां नेमके ४५,५२,९४,२३२ येतात. अर्थात् हिशेब करणारानें आधीं टंके दीडपट केले व मग दर टंक्यास चोवीस दाम लाविले.

येथेंच शंका येते. त्याच ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याच्या प्रकरणीं वऱ्हाडी टंका सोळा दामांचा सांगितला असून तेथील साडेतीन कोटी टंक्यांचे ५६ कोटी दाम धरले आहेत. सोळांची दिढी चोवीस! टंक्यांची संख्या तशीच ठेवून सोळांऐवजीं चोवीस दाम घेऊं लागणें, हीच ती दिढीची वाढ असावी. तसें असल्यास ती दोनदां धरली गेली, आणि खरी जमा ३०,३५,२९,४८८ दाम, म्हणजे सुमारें ७५ लक्ष ८८ हजार रुपये ठरते. भेद लहान नाहीं. पहिल्या हिशेबानें नव्या राजाचा अंमल बसतांच रयतेवरील आकार सवादोनपट झाला, दुसऱ्यानें दीडपट. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे.

अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनाम्यां’त १६४७ च्या सुमारास खानदेशची जमा ४० कोटी दाम आहे. पंचेचाळीसांवरून ती चाळिसांवर उतरली, व १६३०–३२ चा दुष्काळ हें त्याचें कारण, असें कोणी म्हणेल. दुष्काळ भयंकर होता हें खरें. शहाजहान त्या वेळीं बऱ्हाणपुरांतच होता, आणि दर सोमवारीं पांच हजार रुपये याप्रमाणें वीस आठवड्यांत एक लक्ष रुपये तेथें वांटले गेले. पण त्या काळीं कागदावरची जमा दुष्काळाच्या मागोमाग उतरे, असें दिसत नाहीं. औरंगजेब १६५३ त दुसऱ्यांदा दक्षिणेंत आला तेव्हां खानदेश धरून चारही दक्षिणी सुभ्यांची जमा ३ कोटी ६२ लक्ष रुपयांची होती. आदल्या सालचा वसूल मात्र अवघा एक कोटी. जमा वाढत जाई, हासील मागें पडे.

प्रांत मुळांत दरिद्री नव्हता. ऐने अकबरींत येथील जोंधळ्याची व धरणगांवच्या कापडाची प्रशंसा आहे, आणि बऱ्हाणपूरचें कापड सुरतेच्या वाटेनें इराण व तुर्कस्तानापर्यंत जाई. अशा देशासही सवादोनपट आकार एकाएकीं झेपला असता, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं.

निर्णय अखेर कागदांनींच व्हावयाचा. एरंडोल, चोपडें, जामनेर इत्यादि परगण्यांचे जुने जमाबंदीचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं नकल करतांना केवळ आंकडे न उतरतां नाण्याचें नांव व त्याचा दर अवश्य उतरावा; पुष्कळदां तो समासांत किंवा अखेरच्या ओळींत बारीक अक्षरांत असतो. एकाच गांवची जमा टंक्यांत आणि दामांत अशी दोन्ही दिलेला एक कागद मिळाला, तरी चोवीस कीं छत्तीस हा वाद मिटेल.