घरगुती ध्वनिमुद्रणातील 'ग्राउंड लूप' : कारणे, निदान व उपाय
(शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राध्यापकांना, इतर सर्वांप्रमाणेच, घरातील एखाद्या खोलीतून व्याख्याने ध्वनिमुद्रित करावी लागली. ती निकड आज उरलेली नाही. साधने व सवय मात्र राहिली आहे. त्याच साधनांवर आता अधिक मोलाचे एक काम करता येण्याजोगे आहे. जुन्या कॅसेटवरील ओव्या, भारुडे, कीर्तने व मुलाखती संगणकावर उतरवून घेणे, हे ते काम होय. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. अशा संग्रहांमुळे मौखिक परंपरेतील आवाजाचे मोल आपल्या ध्यानी आले. परंतु कॅसेटची फीत दरवर्षी झिजते आणि गाणारी व्यक्ती पुष्कळदा हयात नसते. कित्येक फिती एकदाच धडपणे वाजतात. त्या एका वेळी मुद्रणात 'घूं' असा अखंड आवाज मिसळला, तर तो कायमचाच राहतो.

हा आवाज आला की सामान्यतः मायक्रोफोन बदलला जातो, नवी केबल आणली जाते किंवा मिक्सर दुरुस्तीला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा दोष कोणत्याही एका उपकरणात नसून उपकरणांच्या परस्पर जोडणीत असतो. हा दोष ओळखावा कसा व जिवाला धोका न पत्करता दूर करावा कसा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. आवाजाची ओळख :

आपल्याकडील वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ वारंवारतेचा आहे. त्यामुळे विजेपासून उद्भवणारा उपद्रव ५० हर्ट्झ व त्याच्या १००, १५० अशा पटींत ऐकू येतो. संगीताच्या जाणकारास सांगावयाचे तर १०० हर्ट्झचा ध्वनी खालच्या सप्तकातील पांढरी पाचच्या (सुमारे ९८ हर्ट्झ) किंचित वर लागतो. फितीचा 'स्स्' असा आवाज किंवा संगणकाचा माउस हलविताच बदलणारी किणकिण हे वेगळे दोष होत; त्यांना पुढील विवेचन लागू नाही.

२. ग्राउंड लूप म्हणजे काय?

समजा, शिरूर येथील एका घरात कॅसेट डेक मिक्सरला आणि मिक्सर संगणकाला जोडला आहे. मिक्सरची तीन पिनांची प्लग खिडकीजवळच्या इन्व्हर्टरच्या पॉइंटमध्ये आहे, तर संगणकाची प्लग समोरच्या भिंतीवरील साध्या पॉइंटमध्ये आहे. दोन्ही उपकरणांच्या धातूच्या पेट्या अर्थिंगच्या तारेने मुख्य बोर्डाला जोडलेल्या आहेत. तेथे मिक्सर व संगणक यांच्यामध्ये ध्वनीची केबल जोडताच तिच्या बाह्य जाळीमुळे त्याच दोन पेट्यांमध्ये दुसरा मार्ग निर्माण होतो. भिंतीतील अर्थिंगच्या तारा आणि केबलची जाळी मिळून तारेचे एक बंद वेटोळे तयार होते. यालाच 'ग्राउंड लूप' म्हणतात.

घरातील वायरिंगभोवतीचे बदलते चुंबकीय क्षेत्र या वेटोळ्यात प्रवाह प्रेरित करते. शिवाय उपकरणांतून अर्थिंगकडे जाणारा अल्प गळती-प्रवाह दोन्ही पेट्यांच्या विभवात फरक पाडतो. एक साधे गणित पाहू. जाळीचा रोध ०.१ ओहम व तिच्यातून वाहणारा प्रवाह १० मिलिअँपिअर असल्यास तिच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्टचा फरक पडतो. घरगुती उपकरणांचा ध्वनिसंकेत साधारण ०.३ व्होल्टचा असतो. म्हणजे उपद्रव संकेताच्या केवळ ५० डेसिबल खाली राहतो. गाणे चालू असताना तो झाकला जाईल. पण ओवीच्या दोन ओळींमधील विसाव्यात स्पष्ट ऐकू येईल.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर रेल्वेतही दिसते. दौंड जंक्शनवरून आज २५ किलोव्होल्टच्या वीजवाहिनीखाली गाड्या धावतात. इंजिनाने घेतलेला प्रवाह रुळांवाटे परत जातो व त्याचा काही भाग जमिनीत शिरतो. त्यामुळे मार्गालगतच्या दूरसंचार तारांत उपद्रव प्रेरित होतो. म्हणूनच विद्युतीकरण करताना खांबांवरील उघड्या तारांऐवजी भूमिगत केबल व प्रकाशीय तंतू यांचा अवलंब करण्यात येतो.

३. निदानाची पद्धत :

निदानाचा मुख्य नियम असा, की एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलानंतर ऐकावे.

(अ) मिक्सरपासून संगणकाकडे जाणारी केबल काढून मिक्सरलाच हेडफोन लावावा. तेथे शांतता असेल व केबल जोडताच आवाज येत असेल, तर ग्राउंड लूपचा संशय बळावतो.

(आ) लॅपटॉप असल्यास चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. आवाज तत्काळ थांबल्यास उपद्रवाचा मार्ग चार्जरमधून जातो, हे सिद्ध होते.

(इ) संगणकाला दूरदर्शन संचाची केबल जोडलेली असल्यास ती काढून पाहावी. रस्त्यावरील खांबावरून येणाऱ्या त्या केबलची जाळी अन्यत्र अर्थ केलेली असू शकते.

(ई) पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर फिरविला असता आवाजाचा पोत बदलत असेल, किंवा घर इन्व्हर्टरवर गेल्यावरच करकर वाढत असेल, तर कारण त्या उपकरणात शोधावे.

(उ) उपकरणाच्या धातूच्या भागास हात लावताच आवाज कमी होत असेल, किंवा बारीक झिणझिण्या येत असतील, तर तेथे लूप नसून अर्थिंगचाच अभाव असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी पुढील प्रयोग थांबवून वायरमनला बोलवावे.

शेवटचा मुद्दा या परिसरात विशेष महत्त्वाचा आहे. जुन्या वाड्यांतील व घरांतील कित्येक पॉइंटना तिसरे छिद्र असते, पण त्यामागे तार नसते. शिवाय दोन्ही तालुके पर्जन्यछायेत मोडतात. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. त्यामुळे हा खड्डा तपासून घेणे व त्यात पाणी घालणे आवश्यक ठरते.

४. उपाय :

पहिला उपाय जवळजवळ विनामूल्य आहे. सर्व उपकरणे एकाच पॉइंटवरील एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावीत. ध्वनिमुद्रणाच्या उपकरणांना वीज अल्प लागत असल्याने ६ अँपिअरचा पॉइंट पुरतो. यामुळे वेटोळ्याचे क्षेत्रफळ घटते व पेट्यांमधील विभवाचा फरकही कमी होतो. केबल आवश्यक तेवढ्याच लांबीची असावी व विजेच्या तारांपासून दूर ठेवावी.

दुसरा उपाय म्हणजे शक्य तेथे 'बॅलन्स्ड' केबल वापरणे. तीत संकेत दोन तारांतून परस्परविरुद्ध स्वरूपात जातो. ग्रहण करणारे उपकरण त्या दोहोंतील फरक घेते. त्यामुळे दोन्ही तारांत सारखाच शिरलेला उपद्रव वजा होतो.

तिसरा उपाय म्हणजे ध्वनिमार्गात १:१ प्रमाणाचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालणे. त्यात संकेत चुंबकीय क्षेत्राद्वारे पलीकडे जातो. धातूचा सलग मार्ग मात्र राहत नाही. हलक्या प्रतीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये खर्जाचा भाग क्षीण होतो, हे लक्षात ठेवावे.

मार्ग तोडून संकेत पुढे नेण्याचे हेच तत्त्व प्रकाशीय तंतूतही आहे. याच पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचे संकेत मध्यवर्ती केंद्रात प्रकाशीय तंतूंद्वारेच आणले जातात. काचेतून वीज वाहत नसल्याने तेथे असे वेटोळे तयारच होत नाही.

सॉफ्टवेअरने आवाज काढणे हा शेवटचा पर्याय मानावा. पुरुषाच्या बोलण्याचा मूलस्वर साधारणतः १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. त्या वारंवारता गाळल्या की उपद्रवाबरोबर कंठाचा भरीवपणाही जातो.

५. टाळावयाचा उपाय :

प्लगची जाड अर्थ-पिन काढली किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावला, की आवाज बहुधा थांबतो. त्यामुळे हा उपाय सर्वत्र सांगितला जातो. परंतु तो प्राणघातक ठरू शकतो. उपकरणातील फेजची तार निसटून पेटीला टेकल्यास अर्थिंगमुळे मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडतो. अर्थिंग तोडलेले असल्यास पेटी, मिक्सरची कळ व मायक्रोफोनची जाळी २३० व्होल्टवर येऊ शकते. मायक्रोफोन ओठांजवळ असतो, हे विसरता येत नाही. म्हणून तोडावयाचा तो ध्वनीच्या केबलमधील मार्ग; विजेचे अर्थिंग कदापि तोडू नये. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मुख्य बोर्डावर असणे हितावह होय.

समारोप :

ग्राउंड लूप हा उपकरणाचा बिघाड नसून दोन सुस्थितीतील उपकरणांमधील अनावश्यक दुसऱ्या मार्गाचा परिणाम आहे. म्हणून खर्चापूर्वी निदान व निदानापूर्वी अर्थिंगची तपासणी, असा क्रम असावा. महाविद्यालयांच्या पदार्थविज्ञान विभागांनी मल्टीमीटर व एक ट्रान्सफॉर्मर घेऊन भाषा विभागांस साहाय्य केले, तर परिसरातील अनेक कॅसेट निर्दोषपणे उतरविता येतील. मौल्यवान फीत लावण्यापूर्वी एखादी कोरी फीत लावून एक मिनिट मुद्रण करावे व ते हेडफोनवर ऐकावे. ही एक मिनिटाची शांतता तपासल्याखेरीज मूळ फितीस हात लावू नये.