पुस्तकातला आकडा

बीडच्या शाखेत असताना जुन्या ट्रॅक्टरवर कर्ज मागणारे बरेच येत. अर्जासोबत कंपनीचे छापील माहितीपत्रक असे. अश्वशक्ती, डिझेलचा खप, सारे कसे झकास! एकदा एका शेतकऱ्यानेच मला सावध केले, "साहेब, कागद नव्या गाडीचा हाय. माझ्या गाडीनं धा पावसाळे बघितलेत." तेव्हापासून मी कागद बाजूला ठेवून यंत्र बघू लागलो.

विमानाचेही असेच असते. किती धावपट्टी लागेल, किती इंधन जळेल, हे त्याच्या पुस्तकात छापलेले असते. छोट्या विमानांचे आकडे बहुधा नव्या विमानावर, कसलेल्या वैमानिकाच्या हातून मिळालेले असतात. पुढे इंजिन झिजते, पत्र्याला पोचे पडतात, हवेचा अडथळा वाढतो. दुरुस्त्यांनी आणि रंगाच्या थरांनी वजन वाढते, म्हणून विमान अधूनमधून पुन्हा तोलावे लागते. ब्रिटनचे विमान वाहतूक प्राधिकरण छोट्या विमानांच्या चालकांना सुचवते, की पुस्तकातल्या उड्डाणाच्या अंतराला १.३३ने गुणा, उतरण्याच्या अंतराला १.४३ने. मोठ्या प्रवासी विमानांच्या बाबतीत, सर्व इंजिने चालू असताना लागणाऱ्या अंतरात १५ टक्के आधीच मिळवलेले असतात.

बँकेत याला आम्ही मार्जिन म्हणतो. कापसाच्या गाठी तारण घेताना पूर्ण किमतीएवढे कर्ज कधी देत नसू. भाव पडला, माल ओला निघाला, तर तो राखलेला भाग कामी येई.

२६ एप्रिल १९९३ रोजी तेव्हाच्या औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मुंबईला निघाले. विमान १९७४ साली बनलेले, आत ११८ माणसे. धावपट्टीच्या पलीकडे बीड रोड, आमच्या रोजच्या जाण्यायेण्याचा. त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक त्याला धडकले. पुढे विमान विजेच्या तारांना अडकून कोसळले. ५५ जण गेले.

चौकशीने विमानाच्या वयाला दोष दिला नाही. वैमानिकाने नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, आणि उड्डाणांच्या वेळी बीड रोडवरची वाहतूक रोखली गेली नाही, अशी कारणे तिने दिली. उन्हाचे आणि वजनाचे कोष्टक पुस्तकात असते; माणसाच्या चुकीचे नसते. यंत्राची झीज असो की हाताची चूक, दोन्हींचा खर्च त्याच मार्जिनमधून होतो. त्या दुपारी ते संपले तेव्हा समोर रस्ता होता.

त्या शेतकऱ्याचे कर्ज मी मंजूर केले. पण ट्रॅक्टर शेतात चालवून पाहिला, आणि रक्कम त्याच्या आजच्या ताकदीवर ठरवली. तो कुरकुरला नाही. यंत्राचे वय त्याला माझ्याआधी ठाऊक होते.