लाल देवळाचे कोकणी वारसदार

पुणे कॅम्पातल्या मोलेदिना रस्त्यावरचा लाल विटांचा मनोरा आणि त्यावरचं घड्याळ पाहून अनेक जण हे चर्च समजतात. त्यात त्यांची चूक नाही. लष्करी अभियंता हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सनं ज्यूंचं प्रार्थनास्थळ बांधताना टोकदार कमानींचा गॉथिक घाटच घेतला. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या माणसाच्या तोंडी ते बांधवून घेणाऱ्या ससून घराण्याचं नाव येतं ते वेगळ्या कारणानं. दुखणं बळावलं की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘ससूनला न्या.’ हे प्रार्थनास्थळ आणि ससून रुग्णालय, दोन्ही वास्तूंना पैसा ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांचा, आराखडा विल्किन्सचा, आणि दोन्ही पूर्ण झाल्या 1867 मध्ये. हा पैसा कापसाचा होता, तसाच चीनला जाणाऱ्या अफूचाही. दानशूरपणाचं कौतुक करताना हे विसरू नये.

या ‘लाल देवळा’चं काम 1863 मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी ससून पुण्यात वारले. त्यांची समाधी आवारातच आहे.

हे देऊळ, म्हणजे ‘ओहेल डेव्हिड’, उभं राहिलं ते बगदादकडून आलेल्या, घरात अरबी बोलणाऱ्या कुटुंबांसाठी. मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू तेव्हा पुण्यात होतेच. दिवेकर, रोहेकर, पेणकर अशी त्यांची आडनावं. पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादातल्या (वल्हांडण सणाला वाचायच्या पोथीतल्या) चित्रांत साडी नेसलेल्या बायका वल्हांडणाच्या बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात. पण बगदादी मंडळी त्यांना अंतरावर ठेवत. बेने इस्रायलींनी 1921 मध्ये रास्ता पेठेत आपलं वेगळं प्रार्थनास्थळ ‘सुक्काथ शेलोमो’ बांधलं.

स्वातंत्र्यानंतर बगदादी कुटुंबं बहुतेक इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे गेली, बेने इस्रायलींतले बरेच इस्रायलला. ज्यांना एकेकाळी दूर ठेवलं, त्यांच्यातल्याच मागे राहिलेल्यांनी लाल देऊळ जपलं. मला या वास्तूचा खरा इतिहास इथून पुढचा वाटतो. आज इथल्या प्रार्थनेला येणाऱ्यांची घरची भाषा मराठी आहे. नवसाला, लग्नकार्याला प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावानं मलिदा करणारी ही माणसं: गोड पोहे, ओलं खोबरं, सोबत फळं.

सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. 2011 च्या जनगणनेत देशभरात ज्यू पाच हजारही नव्हते, म्हणून हे दहा जमवणं हीच इथली मोठी जबाबदारी. 2016 मध्ये महाराष्ट्रानं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोही उशिराच. वारसा पाहायला येणाऱ्यांना आता पोलीस बंदोबस्त ओलांडावा लागतो. आत जायचं तर आधी परवानगी घ्यावी, आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, कॅमेरा घरीच ठेवावा.