पंख्यावरचे पंख

पालीच्या नाक्यावर कोल्हापूरची एसटी वळण घेते आणि तिच्या हॉर्नमध्ये मिस्त्रींचा प्रश्न बुडून जातो. ते पुन्हा विचारतात, "टाकी कुठं ठेवतोस, बाबू?"

बाबूचं सगळं लक्ष खोक्यात आहे. पंचविशीतला पोरगा, भाट्याच्या खाडीत छोटी जाळी मारतो. खोक्यातून तो काळ्या, कडक प्लॅस्टिकचे दोन पंख काढतो, मग स्टीलचे बोल्ट आणि घडी घातलेला चित्रांचा कागद. दोन्ही पंख शेजारी ठेवले की माशाच्या शेपटीसारखा आकार दिसतो. याला हायड्रोफॉइल म्हणतात, होडीच्या मशीनच्या पंख्याच्या वर बसवायचं.

"टाकी मागं," तो म्हणतो. "माझ्या पायाशी."

"आणि जाळं?"

"तेपण मागं."

"आणि तू?"

"मशीनचा दांडा मागंच असतो ना, काका! पुढं बसून कसा धरू?"

तेलाच्या डब्यावर बसलेले बाबूचे मामा तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेतात. बोलत काहीच नाहीत, पण हा संवाद त्यांनी घरी आधीच केलेला असावा असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटतं.

ही पाली रत्नागिरी तालुक्यातली, लक्ष्मी-पल्लीनाथाची. बल्लाळेश्वराची पाली रायगडात, तिचा इथे संबंध नाही. मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरचा रस्ता इथे फुटतो, त्यामुळे गावात टायरवाले, वेल्डिंगवाले आणि ट्रकचे मेकॅनिक भरपूर. समुद्र मात्र वीसेक किलोमीटर लांब. तरी या पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रकच्या गिअरबॉक्सशेजारी, लाकडी घोडीवर होडीचं मशीन टांगलेलं आहे, कारण मिस्त्रींची निम्मी हयात मुंबईत भाऊच्या धक्क्यावर लाँचची इंजिनं उघडण्यात गेली आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अशी मशीनं इथे रांगेनं येतात. आत्ता ऑक्टोबर आहे, कोजागरी होऊन आठवडा झालाय, बाहेर भातकापणी चालू आहे. ऐन मोसमात मशीन उतरवून आणणं म्हणजे धंद्याचा दिवस मोडणं. त्यामुळे बाबूला घाई आहे.

त्याची तक्रार सरळ आहे. एक्सिलेटर पिळला की होडीचं नाकाड आभाळाकडे जातं. समोरचं काही दिसत नाही, ना दुसऱ्याच्या जाळ्याचे बोये, ना पाण्यात तरंगणारा ओंडका. दुपारनंतर खारा वारा सुटला की तो उचललेल्या नाळेखाली शिरतो आणि होडी आडवी ढकलतो. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, तिथे लाट फुटते. अशा जागी नाकाड वर घेऊन शिरणं कुणालाच परवडणारं नाही.

मिस्त्री बोटानं मशीनच्या खालच्या भागावरची आडवी पट्टी दाखवतात. पंख्याच्या बरोबर वर असलेली ही पट्टी. मेकॅनिक हिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. तिचं खरं काम पाण्याच्या पृष्ठभागावरची हवा पंख्यात ओढली जाऊ न देण्याचं. हवा शिरली की पंखा मोकळा गरागरा फिरतो, मशीन किंचाळतं आणि होडी जागेवरच. हायड्रोफॉइल याच पट्टीला दोन्ही बाजूंनी जोडायचं. पट्टी रुंद होते, आणि वेगात मागं जाणारं पाणी त्या रुंद पंखांवरून खाली वळतं. पाणी खाली ढकललं जातं म्हणून पंख वर उचलले जातात, पंखांबरोबर मशीन, मशीनबरोबर होडीची पाठ. पाठ वर आली की नाळ आपोआप खाली बसते. एवढाच हिशेब.

"पण हळू चालवलंस तर काही नाय होणार," मिस्त्री बजावतात. "जाळं ओढताना ह्याचा काडीचा उपयोग नाय."

हे त्यांचं बरोबर आहे. उचलण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो: वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. बाबूच्या होडीची पाण्यातली लांबी सोळा फुटांच्या आसपास, म्हणजे पाणी कापत जायचं म्हटलं तर ती साडेपाच नॉटच्या थोडी मागंपुढं, तासाला दहाएक किलोमीटरवर अडते. त्यापुढे जायचं तर तिला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढून पाण्याच्या माथ्यावरून घसरत जावं लागतं. या चढाच्या वेळीच नाकाड सगळ्यात वर असतं आणि पेट्रोलही इथेच सगळ्यात जास्त पितं. पंख मदत करतात ते हा चढ लवकर ओलांडायला. चढून गेल्यावर त्यांची गरज कमी होते आणि ओझं मात्र उरतं. शेवटचा एखाद-दुसरा नॉट ते खाऊनही टाकतात. खोक्यावरच्या चित्रातली बोट ज्या तोऱ्यात उडते आहे त्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

पाण्याखाली पंख लावून होडी उचलायची कल्पना शंभरावर वर्षं जुनी आहे. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनीनं 1906 साली माज्जोरे सरोवरात शिडीसारखे पंख लावलेली होडी अख्खी पाण्याबाहेर काढून पळवली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि केसी बाल्डविन यांच्या एचडी-4 बोटीनं 1919 मध्ये कॅनडात ताशी 114 किलोमीटरचा वेग गाठला. तिथे सगळी होडी पंखांवर उभी राहायची. इथे फक्त पाठ उचलायची आहे. मी हे सांगतो तेव्हा मिस्त्री मान हलवतात आणि सेंटर पंच शोधायला लागतात.

ड्रिल लावण्याआधी ते बराच वेळ काहीच कापत नाहीत. पंख पट्टीला टेकवतात, गुण्या लावतात, दोन्ही टोकांपासून पंख्याच्या आसापर्यंतचं अंतर सुतळीनं मोजतात. एक पंख जरा पुढं, एक मागं बसला तर होडी कायम एका बाजूला ओढेल. खाली जस्ताचा तुकडा आहे, समुद्राचं पाणी मशीनऐवजी त्याला खावं म्हणून बसवलेला. त्याच्या बोल्टाला धक्का लागता कामा नये. भोक गिअरच्या घराकडे सरकता कामा नये. पेन्सिलच्या खुणा होतात, पुसल्या जातात, पुन्हा होतात. बाबू दर दोन मिनिटांनी मोबाइलवर वेळ बघतो.

"भोक न पाडता चिमट्यानं बसणारं पण मिळतं," तो म्हणतो. "ते महाग होतं."

"नवं मशीन असतं तर तेच आण म्हटलं असतं. भोक बघितलं की कंपनी वॉरंटीला हात वर करते. हे काय, तुझ्या वयाचं हाय."

ड्रिल सुरू होतं. अॅल्युमिनियमचे चकचकीत कुरळे तुकडे मिस्त्रींच्या पायावर पडतात. पाव इंची भोकं, कडा कानशीनं साफ. मग बोल्ट लगेच बसत नाहीत. मिस्त्री प्रत्येक भोकात सीलंट भरतात, बोल्टाखाली नायलॉनचे वायसर घालतात. स्टील आणि अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात उघड्या अंगानं भेटले की अॅल्युमिनियम झिजतं. पांढरी पावडर फुटते आणि वर्षभरात भोक मोठं होतं. मशीनच्या क्लॅम्पजवळ अशी पावडर आधीच दिसते आहे. मिस्त्री ती नखानं खरवडून बाबूला दाखवतात. बाबू दुसरीकडे बघतो.

मामा पहिल्यांदाच तोंड उघडतात. "सप्तमी आज. पाऊणपट केली की सव्वापाच. तेव्हा भरती असेल, तवर पोचायला हवं."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. किनाऱ्यावर अजून पंचांग असंच वाचतात. सप्तमी म्हणजे भांगाचे दिवस, पाण्याला ओढ कमी, चाचणीला बरं.

मशीन टेम्पोत चढतं. चाळीसेक किलोचा ऐवज, दोघं धरतात. मिस्त्री एक सागाची जाड पट्टी, ओळंबा आणि पान्यांची पिशवी घेतात. पट्टी कशाला, असं बाबू विचारतो, पण टेम्पो सुरू होतो. हातखंब्यापर्यंत महामार्गाची धूळ, मग रत्नागिरीचा रस्ता.

भाट्याच्या पुलाच्या आतल्या अंगाला होडी काठावर ओढलेली आहे. पाणी चढतंय. मशीन मागच्या फळीवर बसवतात आणि मिस्त्री चपला काढून, पँट दुमडून पाण्यात उतरतात. होडीच्या तळाला सरळ पट्टी लावून ती मागं मशीनपर्यंत नेतात. कॅव्हिटेशन प्लेट तळाच्या रेषेत, फार तर बोटभर वर हवी. ही तळाच्या रेषेपेक्षा चांगली तीन बोटं खाली आहे.

"मशीन लांब दांड्याचं, फळी त्यामानानं बुटकी," मिस्त्री मामांकडे बघून सांगतात. आउटबोर्डच्या, म्हणजे अशा मशीनच्या, पाण्यात जाणाऱ्या दांड्याची सर्रास मापं दोन, पंधरा इंच आणि वीस इंच. होडी एका मापाची आणि मशीन दुसऱ्या मापाचं असा संसार खाडीत बऱ्याच ठिकाणी चालतो. पंखा फार खोल गेला की ढकलणारा जोरही खालून लागतो आणि नाकाड आणखी वर फिरतं.

सागाची पट्टी आता क्लॅम्पखाली जाते. मशीन तेवढं वर येतं. त्याचा कोन ठरवणारी खिटी मिस्त्री एक भोक आत घेतात. पेट्रोलची टाकी उचलून मधल्या फळीच्या पुढं, नळी पुरेल तिथपर्यंत. जाळ्याची रास नाळेकडे. मामा, कुणी न सांगता, पुढं जाऊन बसतात.

"पंख काढून बघू का आधी?" मी विचारतो. नुसत्या या बदलांनी किती फरक पडतो ते मला बघायचं आहे.

"सीलंट ओला हाय," मिस्त्री म्हणतात. विषय संपतो. खरं तर त्याच कारणानं होडीही आज पाण्यात जायला नको, पण बाबूसमोर हे बोलायची कुणाची छाती नाही.

मशीन बंद करणारी लाल दोरी मनगटाला. स्टार्टरची दोरी ओढल्यावर मशीन खोकतं, निळा धूर, मग सुरू. बाबू हळूहळू पात्राच्या मध्यावर जातो आणि पिळतो. नाळ उठते, पण सवयीइतकी नाही. मामांच्या डोक्यावरून समोरचा काठ दिसत राहतो. क्षणभर होडी अडते, मग जणू पायरी चढल्यासारखी पुढं सुटते आणि तिच्या मागचं फेसाळ पाणी सपाट होतं. बाबू ओरडतो. काय ओरडतो ते वाऱ्यात ऐकू येत नाही.

वळताना मात्र गडबड होते. पूर्ण वेगात दांडा वळवल्यावर नाळ पाण्यात जरा जास्तच रुतते आणि होडीची पाठ बाहेर फेकली जाते. मामा दोन्ही हातांनी कड धरतात. बाबू एक्सिलेटर सोडतो, होडी बसते. काठावर मिस्त्री मान डोलावतात. हे त्यांना अपेक्षित होतं.

"आता नाकाड जास्त खाली जातंय," होडी टेकल्यावर ते म्हणतात. "खिटी परत एक भोक बाहेर घे. पट्टी, टाकी आणि मामांनी अर्धं काम केलंय, पंखांना एवढं करायचं कामच नव्हतं."

खिटी बाहेर जाते. होडी पुन्हा निघते. आता वळण स्वच्छ येतं, आणि बाबू एक्सिलेटर जरा कमी करूनही ती खाली बसत नाही. आधी याच आवाजावर ती पाण्यात रुतायची. पैशाच्या दृष्टीनं पंखांची खरी कमाई हीच असावी: मधल्या वेगात, कमी पेट्रोलवर, वर राहणं.

मामांना वेगात फारसा रस दिसत नाही. उतरल्यावर ते मागं जातात, मशीन वर उचलून धरायला लावतात आणि पंखांच्या टोकांवरून बोट फिरवतात. दोन्ही पंख दोन बाजूंनी बाहेर आलेले, मागच्या कडा पातळ. "जाळं ह्यात अडकणार," ते म्हणतात. "ओढताना होडी जाळ्यावर गेली की दोरी सरळ ह्या खाचेत. पंख्यात अडकलेली कापता येते. हिथं ताण आला तर पंखासकट पट्टी फाटेल."

बाबू गप्प. मिस्त्रीही गप्प, भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचना जाळी नव्हती.

थोडा वेळ चर्चा होते. मामा म्हणतात, जाळं ओढायच्या वेळी मशीन बंद करून वर घ्यायचं आणि वल्ह्यानं सांभाळायचं. बाबू म्हणतो, एकटा माणूस वल्हं मारेल की जाळं ओढेल? मिस्त्री सुचवतात की पंखाच्या पुढच्या कडेपासून मशीनच्या अंगापर्यंत एक तिरकी जाड नळी बांधायची, दोरी तिच्यावरून घसरून निघेल. मामांना ते पटत नाही, पण ते नाहीही म्हणत नाहीत. ओहोटीला होडी काठावर ओढताना पंख वाळूत रुततील, मशीन आधीच उचलायला हवं, हेही ते सांगून ठेवतात.

मिस्त्री पाना घेऊन पुन्हा खाली वाकतात आणि एकेक नट तपासतात. डाव्या बाजूचा मागचा नट अर्धा फेरा सैल निघतो. ते तो बाबूला हाताला लावून बघायला सांगतात.

"साधा नट नको इथं. उद्या रत्नागिरीत नायलॉनचा लॉकनट घे, स्टीलचा, चार. आणि सीलंट सुकेस्तवर मशीन पाण्यात घालू नको."

"उद्या पहाटे जायचंय काका."

"मग मामांची लाकडी होडी ने," मिस्त्री म्हणतात आणि चपला शोधायला लागतात.

मामा टाकीची नळी काढतात. बाबू मशीनचे क्लॅम्प सोडवायला घेतो.