आकड्याआधी माणूस बघा

२०२१च्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या सावळ्याशा काकूंना कोविड झाला होता. मी रोज दाराबाहेरूनच विचारपूस करायची. "अगं, ९५ आहे, काळजी नको," त्या म्हणाल्या खऱ्या, पण तेवढं बोलतानाही दोनदा थांबल्या. मी हट्टानेच त्यांना दवाखान्यात पाठवलं. तिथे धमनीतलं रक्त तपासलं, तर ऑक्सिजन बराच कमी! वेळेवर गेल्या, म्हणून वाचल्या.

मग बोटावरचं यंत्र खोटं बोलतं का? तसं नाही, मैत्रिणींनो. ऑक्सिमीटर सुई न टोचता बोटातून लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पाठवतो. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त लाल प्रकाश जास्त शोषतं. अवरक्त प्रकाशाचं उलटं. त्यावरून हिशेब होतो. १९७०च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी ही युक्ती शोधली. पण त्वचेतलं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं. त्यामुळे काळ्या त्वचेवर आकडा कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. अमेरिकेत २०२० साली कृष्णवर्णीय रुग्णांच्या अभ्यासात हे ठळकपणे पुढे आलं.

नेलपॉलिश, काळी मेंदी, गार पडलेली बोटं, यांनीही आकडा चुकू शकतो. म्हणून नेलपॉलिश पुसा, हात चोळून ऊब आणा, हात न हलवता मिनिटभर थांबा, मगच आकडा वाचा.

आणि आकडा छान असला, तरी बोलताना धाप लागतेय, ओठ निळसर दिसताहेत, तर वाट बघू नका. बायका "मला काही नाही झालं" असं फार लवकर म्हणतात. त्यांच्या श्वासाकडे बघा!