पोट भरतं, भूक राहते

आषाढात गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडची पर्लकोटा नदी फुगली की पूल पाण्याखाली जातो आणि तालुका जगापासून तुटतो. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलं आहे. म्हणून इथल्या दुर्गम गावांत पावसाळ्याचं रेशन पाऊस पडण्याआधीच पोहोचवण्याची पद्धत आहे. धान्याच्या बाबतीत सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणता येणार नाही. पण त्या दिवसांत घरोघरचं ताट पाहावं. भात, अंबाडीचं आंबट सार, मीठ-मिरची, कधी तरोट्याची भाजी. काय जेवलात असं विचारलं, की उत्तर येतं, "भात आहे जी, पोट भरते." चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातली आजची भूक या उत्तराच्या आड लपलेली आहे.

पूर्वीची भूक लपत नसे. गडचिरोली 1982 मध्ये वेगळा जिल्हा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख चंद्रपूर, म्हणजे पूर्वीच्या चांदा, जिल्ह्यात होता. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी चांद्याचं कंबरडं मोडलं. 1891 ला जवळपास सात लाख असलेली लोकसंख्या 1901 च्या शिरगणतीत सहा लाखांवर आली. तशी उपासमार आता होत नाही. 1972 च्या दुष्काळातून उभी राहिलेली रोजगार हमी, रेशन, अंगणवाडी, शाळेतली खिचडी यांचं ते श्रेय आहे, आणि ते मोकळ्या मनाने द्यायला हवं. मात्र दुष्काळ हटला म्हणजे भूक हटली, असं आपण शहरात बसून फार लवकर ठरवून टाकलं.

इथल्या भुकेला तिचं पंचांग आहे. दिवाळीनंतर धान घरात येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मग चार (चारोळीचं फळ), तेंदू. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पैसे हातात येतात. आषाढ-श्रावणात मात्र घरचं धान आटलेलं असतं, मजुरीचा पैसा संपलेला असतो आणि नेमकी तेव्हाच धानाची रोवणी सुरू होते. चिखलाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणं रोवायचं काम बायकांचं. त्यात सातव्या-आठव्या महिन्याच्या गरोदर बायकाही असतात. हिवताप आणि हगवणीचे दिवसही हेच. कष्ट सर्वांत जास्त, खाणं सर्वांत कमी आणि आजार सर्वांत जवळ, असे हे दोन-अडीच महिने. सरकारलाही हे ठाऊक आहे. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात निव्वळ खाण्यासाठी पूर्वी दिलं जाणारं खावटी कर्ज त्यातूनच आलं. खाण्यासाठी कर्ज काढावं लागावं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

या भुकेचं पहिलं माप बाळाच्या वजनात सापडतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपण झालं की आरोग्यदूत घरी जाते, कापडाच्या झोळीत बाळ ठेवून झोळी काट्याला टांगते आणि वजन वाचते. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ. 1995-96 मध्ये 763 बाळं पाहिली गेली, त्यांतली 42 टक्के कमी वजनाची होती. अशा बाळाच्या अंगावर चरबीचा थर पातळ असतो. ते लवकर गार पडतं, ओढून पिण्याइतकी ताकद त्याच्यात नसते, जंतुसंसर्ग पटकन जडतो. मग ते दगावतं ते न्यूमोनियाने किंवा जंतुदोषाने. मृत्यूच्या नोंदीत भूक कुठेच येत नाही. बालमृत्यूंच्या मोजणीत किती मृत्यू निसटतात, हे 'कोवळी पानगळ' या 2001 च्या अहवालाने महाराष्ट्राला दाखवलं, तेव्हा विधिमंडळापर्यंत खळबळ उडाली होती.

घरीच घेतलेल्या काळजीने यातली पुष्कळ बाळं वाचतात, हेही गडचिरोलीनेच जगाला दाखवलं. 'सर्च'च्या कार्यक्षेत्रात 1988 मध्ये हजार जन्मांमागे 121 अर्भकं दगावत. 2003 पर्यंत हा आकडा तीसच्या आसपास आला. पुढे देशभरच्या आशाताई याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. पण वाचलेलं बाळ कमी वजनाचंच होतं, ही गोष्ट तशीच राहते.

ते कमी वजनाचं का? याचं सर्वांत उपयोगी उत्तर मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडतं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून त्यांनी गरोदर बायकांचा आहार आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळांचं सरासरी वजन होतं 2.7 किलोच्या आसपास. आईने एकूण किती खाल्लं, यापेक्षा तिच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध किती वेळा आलं, याच्याशी बाळाच्या वाढीचा संबंध जास्त दिसला. पोटात असताना उपाशी राहिलेल्या या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान राहतात आणि पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे एका पावसाळ्याची भूक त्या बाळाच्या चाळिशीपर्यंत पोहोचते.

भुकेचा मनावर होणारा परिणाम तर आपण धरतच नाही. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. ती मुलं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, कशातच त्यांचं लक्ष लागेना. डोक्यात सतत अन्न. आश्रमशाळेतल्या पोराला 'मठ्ठ' म्हणणाऱ्या आणि मजुराला 'आळशी' म्हणणाऱ्या माणसाने हे एकदा समजून घ्यावं. भूक मारायला इथे खर्रा आहे. तंबाखू-सुपारी-चुन्याची ती पुडी दाढेखाली धरली की दुपार निघून जाते, आणि घरच्या डाळीचे पैसे त्या पुडीत जातात.

ज्या गडचिरोलीत दोन-तृतीयांशाहून अधिक जमीन जंगलाखाली आहे, तिथलं ताट इतकं गरीब कसं? जंगलात तर सगळं आहे. पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोंब), सात्या (अळंबी), नाना पालेभाज्या, कंद, ओढ्यातले मासे, उन्हाळ्यात चार आणि तेंदूची फळं. माडिया आदिवासींची कोसरी (भरड धान्य) आणि तिची पेज. पण दीडशे वर्षांपूर्वी जंगल सरकारचं झालं आणि जंगलात शिरणारा माणूस चोर ठरला. बांबू कागद कारखान्याला जात राहिला. रेशनचा तांदूळ आला, तशी कोसरीही मागे पडली. पुढे त्या तांदळात लोह मिसळलेले दाणे आले. राज्यात त्याचा प्रयोग आधी गडचिरोलीतच, भामरागड आणि कुरखेडा तालुक्यांत झाला. बायका ते वेगळे दिसणारे दाणे 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून टाकतात. त्यांना कुणी नीट समजावलेलं नसतं. हा उपाय मला अपुरा वाटतो. ताटातलं वैविध्य गेलं, ते कारखान्यात केलेल्या दाण्याने परत येणार नाही.

ते परत आणण्याचा दुसरा रस्ता याच दोन जिल्ह्यांत घडला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून गाव स्वतःचा बांबू विकू लागलं. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाने याहून धाडसी निर्णय घेतला. पानांसाठी तेंदूची झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात आणि मग फळंच धरत नाहीत. म्हणून ग्रामसभेने तेंदूपत्त्याचा रोख पैसा सोडला आणि बांबूवर भर दिला. फळ पोरांना आणि पाखरांना राहिलं. आहारशास्त्राच्या कोणत्याही समितीने याहून शहाणा ठराव केल्याचं माझ्या वाचनात नाही.

सरकारी योजनांपैकी नेमकी जागा कुणी ओळखली असेल तर ती 2015 च्या अमृत आहार योजनेने. आदिवासी भागातल्या गरोदर बाईला शेवटचे तीन महिने आणि बाळंतिणीला पहिले काही महिने अंगणवाडीत रोज एक चौरस गरम जेवण. पुढे लहान मुलांना अंडी किंवा केळी. कल्पना उत्तम आहे. अडतं ते पावसात. अंगणवाडी एका गावात आणि बाई ओढ्यापलीकडच्या टोल्यावर (वस्तीवर) असेल, तर आठव्या महिन्यात रोवणीवरून येऊन ती ओढा ओलांडून जेवायला जाणार नाही. तिचं जेवण आषाढ-श्रावणात टोल्यावरच शिजलं पाहिजे, तिथल्याच बायकांनी शिजवलं पाहिजे, त्यात वास्ते, सात्या आणि कोसरी असली पाहिजे, आणि त्याचे पैसे रेशनच्या तांदळासारखे पर्लकोटा फुगायच्या आत ग्रामसभेच्या हाती पडले पाहिजेत.