शत्रूच्या तटबंदीतच घर करणारी माशी

लार्च झाडाच्या फांदीवर करवती माशीच्या अळ्यांचा घोळका सुयांसारखी पानं फस्त करत असतो. जराशी चाहूल लागली की सगळ्या जणी मागचं अंग उचलून वर वळवतात. समोरच्याला धडकी भरावी असाच तो पवित्रा. पण बेसा प्रजातीच्या माशीचं त्याने काही अडत नाही. घरमाशीहून लहान, राखाडी, अंगावर राठ केस असलेली ही माशी संधी साधून एखाद्या अळीच्या कातडीवर पांढरं अंडं चिकटवते आणि उडून जाते. डंख नाही, भोक नाही. अंडं सगळ्यांना दिसेल असं उघड्यावर.

खरा धोका इथे माशीच्या पिल्लालाच असतो. अंडं फुटायच्या आत अळीने कात टाकली, तर कातीबरोबर अंडंही जातं. म्हणून कात टाकणं हाच अळीचा सगळ्यात स्वस्त बचाव. अंडं वेळेत फुटलं, तर मात्र त्यातली इवली अळी अंड्याच्या तळाकडूनच कातडी भेदून थेट आत उतरते.

आता या भक्ष्याविषयी. करवती माशी ही मधमाशी-गांधीलमाशीच्या नात्यातली. मादीच्या अंडनलिकेला करवतीसारखे दाते असतात, त्यांनी ती झाडाची साल किंवा पान चिरून अंडी घालते. तिची अळी फुलपाखराच्या अळीसारखीच दिसते. ओळखायचं असेल तर पोटाखालचे मांसल पाय मोजावेत. फुलपाखराच्या अळीला ते जास्तीत जास्त पाच जोड्या, करवती माशीच्या अळीला बहुधा सहा किंवा त्याहून जास्त.

लार्चवरच्या करवती माशीने कॅनडाची जंगलं बोडकी केली, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी १९१०च्या सुमारास इंग्लंडहून तिचा एक शत्रू आणला. मेसोलियस नावाची ही गांधीलमाशी आपलं अंडं अळीच्या शरीरात टोचते. सुरुवातीला काम चोख झालं. मग तिथल्याच मॅनिटोबा प्रांतात काहीतरी बिनसलं: अंडी घातली जात होती, पण फुटत नव्हती. १९५३ साली म्युल्ड्र्यू या संशोधकांनी कारण दाखवून दिलं. अळीच्या रक्तातल्या पेशी परक्या अंड्याभोवती जमून त्याच्यावर थरावर थर चढवत होत्या आणि ते आतल्या आत मरत होतं.

त्याच अळ्यांवर बेसा हार्व्हेयी ही उत्तर अमेरिकेचीच माशी जगत आली आहे. ती ज्या टॅकिनिड कुळातली, त्या कुळातल्या पुष्कळ माश्यांची पिल्लं हाच थर स्वतःच्या कामाला लावतात. पेशी भोवती गोळा होऊ लागल्या की पिल्लू त्यांना पूर्ण वेढू देत नाही. मागचं टोक कातडीच्या छिद्राशी किंवा भक्ष्याच्या श्वासनलिकेशी उघडं ठेवतं. पेशींचा थर त्या टोकाभोवती नरसाळ्यासारखा घट्ट होत जातो आणि त्यातून पिल्लाला बाहेरची हवा मिळते. गुदमरवायला बांधलेली भिंत शेवटी धुराड्यासारखी कामी येते. या कुळाच्या साडेआठ हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत; त्यात ही युक्ती मला तरी सगळ्यात पाताळयंत्री वाटते.

आपल्याकडच्या रेशीम उत्पादकांना हे कुळ नको तितकं परिचयाचं आहे. रेशीमकिड्यांवर पडणारी उझी माशी यातलीच. तीही कातडीवर पांढरं अंडं चिकटवते, आत शिरलेलं पिल्लू किड्याला पोखरतं. कीटकसंगोपनगृहाला बारीक जाळ्या लावतात त्या हिच्यासाठीच. म्हणजे लार्चच्या जंगलात जिचं कौतुक, तिचीच नातेवाईक तुतीच्या मळ्याशेजारी शत्रू.

बेसा ही प्रजाती रोबिनो-देस्व्होआदी या फ्रेंच डॉक्टराने वर्णिलेली. त्याच्या मृत्यूनंतर १८६३ साली छापलेल्या ग्रंथात ती आली. तिच्यातल्या कित्येक जाती करवती माशीच्या अळ्यांवर वाढतात. पण सगळ्यात गाजली ती वेगळ्याच वाटेने गेलेली बेसा रेमोटा. तिचं भक्ष्य पतंगाच्या अळ्या.

फिजीत लेव्हुआना नावाच्या इवल्या पतंगाच्या अळ्या नारळाची पानं खरवडून खात. झावळ्या भाजल्यासारख्या दिसत. त्यावर उपाय शोधणाऱ्या टॉथिल या कीटकशास्त्रज्ञांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लेव्हुआनाचा खास शत्रू कुठेच सापडला नाही. तेव्हा १९२५ साली त्यांनी मलायातून बेसा रेमोटा आणली. तिथे ती लेव्हुआनाच्या नात्यातल्या आर्टोना पतंगावर पडत असे. भक्ष्य नवं होतं, पण माशीने ते चटकन स्वीकारलं. थोड्याच काळात नारळबागा हिरव्या झाल्या. १९३०च्या ग्रंथात टॉथिल मंडळींनी ही कहाणी विजयगाथा म्हणून लिहिली आणि ती तशीच शिकवली गेली.

पुढे लेव्हुआना दिसेनासाच झाला. आज त्याची गणना नामशेष जीवांत होते. माणसाने मुद्दाम आणलेल्या परोपजीवीने एक जात संपवली, असा ठपका बेसावर बसला. २००३ साली आर्मंड कुरिस या संशोधकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासून त्याला हरकत घेतली. लेव्हुआना बहुधा मुळात फिजीचा नसावा, आणि तो खरोखर कायमचा संपला हेही सिद्ध झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्या ठिकाणाहून तो आला असावा, तिथे त्याचा शोध अजून लागलेला नाही.